स्कोअर माझा जास्त, मग जिंकलास तू कसा?

वॉरक्राफ्ट ३ ह्या कॉम्प्युटर गेममधे मॅच संपली की एक तक्ता येतो. युनिट (म्हणजे फौजेतले शिपाई, कामगार वगैरे) स्कोअर, हिरो स्कोअर, रिसोर्स स्कोअर आणि शेवटच्या रकान्यात टोटल. पुण्यात हॉस्टेलवर लॅन लावून, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडून, खेळायचो तेव्हा ह्या तक्त्यावरून रात्री दोन-दोनला कडाक्याची भांडणं व्हायची. हरलेला गडी स्क्रीनवर बोट ठेवून म्हणणार, अरे हे बघ, युनिट्स मी जास्त मारली, सोनं मी जास्त खणलं, टोटल माझा जास्त, मग जिंकलास तू कसा? आणि जिंकलेल्याला पण नीट उत्तर देता यायचं नाही, तो आपला 'जिंकलो ना, विषय संपला' म्हणून पुढची मॅच होस्ट करायला घ्यायचा.

तर ते उत्तर आज लिहून काढतोय. थोडक्यात सांगायचं तर तो तक्ता तुम्ही किती उद्योग केलेत ते सांगतो, कसे लढलात ते सांगत नाही. लढाईचा खरा हिशोब एक्सपीच्या, म्हणजे हिरोच्या अनुभवाच्या गुणांच्या, वहीत लिहिला जात असतो आणि त्या वहीत तुमचं मेलेलं प्रत्येक युनिट समोरच्याच्या खात्यावर जमा होतं. हे एकदा डोक्यात बसलं की आख्खा गेम वेगळा दिसायला लागतो.

ज्यांनी खेळलाच नाही त्यांच्यासाठी पटकन. ब्लिझार्डचा गेम, २००२ च्या जुलैत आला, पुढच्या जुलैत त्याचं एक्स्पान्शन आलं, द फ्रोझन थ्रोन. ह्यूमन, ऑर्क, अनडेड आणि नाइट एल्फ अशा चार रेस, म्हणजे जमाती. सोनं खणा, लाकूड तोडा, इमारती बांधा, फौज काढा, समोरच्याला झोडा, म्हणजे नेहमीची स्ट्रॅटेजी गेमची भाजीभाकरी, पण वरून दोन मोठ्या गोष्टी: एक म्हणजे हिरो, जे लढून लढून लेव्हल १० पर्यंत वाढतात, आणि दुसरी म्हणजे मॅपवर जागोजागी बसलेले क्रीप, जे कोणाचेच नसतात आणि ज्यांना मारून एक्सपी, सोनं आणि आयटम मिळतात. खाली जे आकडे देतोय ते क्लासिक फ्रोझन थ्रोनच्या काळातले आहेत, पॅच, म्हणजे गेममधल्या दुरुस्त्या, येत राहतात, इकडेतिकडे थोडं बदलतं, पण सांगाडा तोच आहे.

आता आधी एक गोष्ट क्लिअर करू. साध्या मॅचमधे जिंकायची अट एकच, समोरच्याच्या सगळ्या इमारती पाडा. त्याची फौज कितीही जिवंत असू दे, इमारत एक पण उरली नाही की खेळ खल्लास. आणि टाऊन हॉल, म्हणजे मुख्य इमारत, उरला नसेल तर दोन मिनिटांचं घड्याळ चालू होतं, तेवढ्यात नवीन हॉल टाकला नाही तर त्याच्या उरलेल्या इमारती सगळ्यांना मॅपवर दिसायला लागतात. हे फार शहाणपणाने केलंय त्यांनी, नाहीतर हरलेला माणूस जंगलाच्या कोपऱ्यात एक फार्म लपवून ठेवणार आणि जिंकणारा अर्धा तास तो शोधत फिरणार. म्हणजे बघा, जिंकण्या-हरण्याच्या नियमात स्कोअर हा शब्दच कुठे येत नाही.

मग मारामारी कशी चालते? तर पहिलं म्हणजे ती हळू चालते. ब्लिझार्डच्याच स्टारक्राफ्ट गेममधून आलेल्या माणसाला हे जाम खटकतं, तिकडे डोळ्याचं पातं लवेपर्यंत मरीनचा अख्खा गठ्ठा साफ होतो. इथे एक साधा फूटमन घ्या, ह्यूमनचा सगळ्यात पहिला शिपाई. किंमत १३५ सोनं, जीव म्हणजे हिट पॉइंट ४२०, एका घावाला १२ ते १३ डॅमेज, दोन घावांमधे १.३५ सेकंद, आर्मर म्हणजे चिलखत २. आता एक फूटमन दुसऱ्या फूटमनसमोर उभा केला तर आर्मर वजा जाता घावाला साधारण ११ लागतात, म्हणजे जवळजवळ ३८ घाव, म्हणजे पन्नासेक सेकंद दोघं एकमेकांना ठोकत बसणार. पन्नास सेकंद! तेवढ्यात माणूस चहा टाकून येईल. पण आठ फूटमन मिळून एकाला धरलं तर तोच सहा-सात सेकंदात आडवा. ह्या पन्नास आणि सात सेकंदांच्या मधल्या जागेत सगळं कसब आहे. युनिट मरायला वेळ लागतो म्हणून त्याला वाचवायला पण वेळ मिळतो आणि म्हणून ह्या गेममधे मायक्रोला, म्हणजे एकेक युनिट हाताने हलवण्याला, एवढी किंमत आहे.

अजून एक बारीक गोष्ट आहे जी नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. युनिटचा एक हिट पॉइंट उरला तरी ते पूर्ण ताकदीनेच मारतं. जखमी झालं म्हणून घाव हलका होत नाही. त्यामुळे समोरच्या दहाही युनिट्सना अर्धं अर्धं जखमी करून काही उपयोग नाही, ती दहाच्या दहा तेवढ्याच जोरात मारत राहणार, त्यापेक्षा पाच पूर्ण मारा आणि पाच ठणठणीत राहू द्या, डॅमेज तुम्ही तेवढाच केलात पण समोरून येणारा मार निम्मा झाला. हेच ते फोकस फायर. आणि उलट बाजूने, तुमचं जे युनिट फोकस होतंय ते मागे ओढून घ्यायचं, मग समोरचे चारपाच जण त्याच्या मागे पळत सुटतात आणि तेवढा वेळ त्यांचा एक घाव पडत नाही. पळणारा फूटमन काहीही न मारता सुद्धा लढाईत उपयोगी पडत असतो. तक्त्यात ह्याला शून्य मार्क.

मेली, म्हणजे जवळ जाऊन मारणाऱ्या, युनिट्सना अजून एक अडचण असते, जागा. ती एकमेकांच्या अंगातून जाऊ शकत नाहीत, त्यामुळे झाडांच्या मधल्या बोळात बारा ग्रंट, म्हणजे ऑर्कचे शिपाई, घेऊन शिरलात तर पुढचे तीन लढणार आणि मागचे नऊ नुसते इकडून तिकडे वाट शोधत फिरणार. म्हणून मोकळ्या जागेत लढाई ओढायची की बोळात ते तुमच्याकडे काय आहे त्यावर ठरतं. लांबून मारणारे असतील तर बोळ चांगला. त्यातून तुम्ही टेकाडावर आणि समोरचा खाली असेल तर सोन्याहून पिवळं, कारण खालून वर लांबून मारणाऱ्यांचे २५ टक्के वार चुकतात. दर चार बाणांतला एक वाया, आणि त्यासाठी तुम्हाला एक पैचा अपग्रेड करावा लागत नाही, फक्त उभं कुठे राहायचं ते कळलं पाहिजे. आम्ही मराठी माणसं गड-किल्ल्यांच्या गप्पा मारत मोठे झालो, पण मॅचमधे टेकडी सोडून खाली उतरून मारामारी करणारे महाभाग मी हॉस्टेलवर रोज बघितलेत.

आता येतो तो प्रकार ज्याने सगळ्यात जास्त मॅच ठरतात, अटॅक टाइप आणि आर्मर टाइप. प्रत्येक युनिटच्या माराला एक जात असते, नॉर्मल, पिअर्स, सीज, मॅजिक, केऑस आणि हिरोचा वेगळा. आणि अंगावरच्या आर्मरची पण जात असते, लाइट, मीडियम, हेवी, फोर्टिफाइड, अनआर्मर्ड, हिरो. कुठला मार कुठल्या आर्मरवर किती टक्के लागतो ह्याचा तक्ता ठरलेला आहे. पिअर्स, म्हणजे बाण-बंदुकीचा मार, लाइटवर २०० टक्के लागतो आणि हवेत उडणाऱ्यांपैकी बरेच जण लाइट असतात, म्हणून साध्या आर्चर गोळा केल्या तरी विंड रायडर आणि ग्रिफन फटाफट पडतात. तोच पिअर्स मीडियमवर ७५ आणि इमारतींच्या फोर्टिफाइडवर फक्त ३५. म्हणजे रायफलमन घेऊन बेस पाडायला निघालेला माणूस मेहनत करतोय पण बंदुकीने भिंत खरवडतोय. इमारतींना सीज लागतो, १५० टक्के, त्यासाठी मॉर्टर, डेमॉलिशर, मीट वॅगन. नॉर्मल मीडियमवर १५०, फोर्टिफाइडवर ७०. आणि मॅजिक हेवीवर २००! ही गंमत फार लोकांना उशिरा कळते. ग्रंट, नाइट, अ‍ॅबॉमिनेशन हे सगळे हेवीवाले दांडगे गडी, त्यांना वाटतं समोर हे बारके प्रीस्ट आणि सॉर्सरेस उभे आहेत, ह्यांना काय चिरडून टाकू, आणि ते बारके लोक मागे उभं राहून मॅजिकने दुप्पट डॅमेज काढत असतात. आणि वरून स्लोची जादू मारून समोरच्याला मंद करतात ते वेगळंच.

पण मला ह्या तक्त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ वाटते ती हिरो आर्मरची. पिअर्स हिरोवर ५० टक्के, मॅजिक ५०, सीज ५०, आणि नॉर्मल पूर्ण १००. म्हणजे दहा आर्चर मिळून एखाद्या हिरोवर बाण सोडत असतील तर त्यातला निम्मा मार हवेत गेला असं समजा. हिरो मारायचा तर मेलीने, आणि हिरो पळू शकतो म्हणून मेलीने घेरून. त्यालाच सराउंड म्हणतात, चारही बाजूंनी युनिट्स अशी उभी करायची की हिरोला पाय ठेवायला फट नको. बघायला सोपं वाटतं, करायला भयंकर अवघड, कारण अटॅक दाबला की युनिट जिथे पोचेल तिथूनच मारायला लागतं, तुम्हाला आधी मूव्ह देऊन हिरोच्या पुढे काढावं लागतं आणि मग वळवावं लागतं, आणि हे सगळं तो पळत असताना.

आर्मरच्या आकड्याचं पण सांगतो, कारण त्यावर लोकांचे गैरसमज खूप आहेत. मार कमी होण्याचं गणित असं आहे की आर्मरला ०.०६ ने गुणायचं आणि त्याला एक अधिक तोच आकडा ह्याने भागायचं. २ आर्मरला साधारण १०.७ टक्के मार कमी होतो, ५ ला २३, १० ला ३७.५. लोक हे बघून म्हणतात की वरवर जाल तसा आर्मरचा फायदा कमी होत जातो. टक्के कमी वाढतात हे खरं, पण जिवाच्या भाषेत बघितलं तर प्रत्येक आर्मर पॉइंट म्हणजे सहा टक्के जास्तीचा जीव, पहिला पण आणि दहावा पण. १० आर्मर असलेला माणूस ६० टक्के जास्त मार खाऊन मरतो. सरळ हिशोब आहे, घाबरण्यासारखं काही नाही.

बरं, आता हिरो आणि एक्सपी. इथेच मला खरं बोलायचंय.

तुम्ही समोरच्याचं युनिट मारलं की जवळपासच्या तुमच्या हिरोला एक्सपी मिळतो, आणि किती मिळतो ते मेलेल्या युनिटच्या लेव्हलवर. लेव्हल १ म्हणजे पेझंट वगैरे कामगार, २५. लेव्हल २ म्हणजे फूटमन, घूल, आर्चर, ४०. लेव्हल ३ म्हणजे ग्रंट, ६०. नाइटसारखं लेव्हल ४ चं असेल तर ८५. आणि हिरोला लेव्हल २ ला जायला लागतात २००, तिसरीला एकूण ५००, चौथीला ९००, पाचवीला १४००, आणि सहावीला, जिथे अल्टिमेट (हिरोची सगळ्यात मोठी करामत) मिळतो, २०००.

आता जरा मांडून बघा. पाच फूटमन मेले. तुमच्या खिशातून ६७५ सोनं गेलं हे तर दिसतंच, पण समोरच्या हिरोला पाच गुणिले चाळीस, बरोब्बर २०० एक्सपी मिळाले, म्हणजे पहिल्या लेव्हलचा हिरो तुमच्या पैशावर दुसऱ्या लेव्हलला गेला. दुष्काळात तेरावा महिना. आणि ती लेव्हल नुसती शोभेची नसते, हिरोची ताकद म्हणजे स्ट्रेंग्थ वाढली की दर पॉइंटला २५ जीव वाढतो, अ‍ॅजिलिटीच्या दर पॉइंटला ०.३ आर्मर आणि २ टक्के वेग, इंटेलिजन्सला १५ माना म्हणजे जादूचं इंधन, आणि वरून एक स्किल पॉइंट. म्हणजे मेलेली युनिट्स परत काढून तुम्ही पुन्हा गेलात तरी समोर आता पहिल्यापेक्षा तगडा हिरो उभा असतो. तीच फौज तीच लढाई, पण ह्या वेळेला तुमची सहा मरतात. असं करत करत मॅच घसरत जाते आणि हरणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही की आपण नक्की कुठे हरलो, कारण त्याच्या मते प्रत्येक लढाई बरोबरीची झाली.

हिरो मेला तर अजून मोठं बक्षीस. पहिल्या लेव्हलच्या हिरोचे १००, दुसऱ्याचे १२०, तिसऱ्याचे १६०, चौथ्याचे २२०, पाचव्याचे ३००. शिवाय त्याला आल्टरवर, म्हणजे हिरोंच्या इमारतीत, परत उठवायचा खर्च आणि वेळ, आणि तो उठेपर्यंत तुमची फौज पोरकी.

उलट समन केलेली, म्हणजे जादूने बोलावलेली युनिट्स, जसं की वॉटर एलिमेंटल, ऑर्कचे लांडगे, मारली तर एक्सपी निम्माच मिळतो, आणि ती मुळात मानामधून आलेली, सोनं एक पै नाही. म्हणून चांगले खेळाडू सुरुवातीच्या लढाईत समन पुढे आणि फूटमन मागे ठेवतात. मार खायला फुकटची मंडळी.

क्रीपांचं गणित थोडं वेगळं आहे. त्यांच्याकडून हिरोला पूर्ण एक्सपी मिळत नाही, पहिल्या लेव्हलला ८० टक्के, मग ७०, ६०, चौथ्याला ५०, आणि पाचव्या लेव्हलपासून शून्य. शून्य म्हणजे शून्य. डिझायनर लोकांनी इथे स्पष्टच सांगितलंय की बाबा, घरात बसून जंगली अस्वलं मारून फार मोठा होऊ नकोस, पाचवीच्या पुढे जायचं तर माणसाशी लढावं लागेल. मला हा नियम प्रचंड आवडतो. आमच्यातला एक जण तासभर मॅपवरचे सगळे क्रीप साफ करत फिरायचा, त्याचं म्हणणं की लेव्हल १० चा हिरो घेऊन येतो मग बघतो एकेकाला, आणि पाचवर अडकून बसायचा.

आणि क्रीप कोणी मारला, म्हणजे शेवटचा घाव कोणाचा, त्यावर एक्सपी आणि सोनं ठरतं. तुम्ही घाम गाळून ओगरचा जीव वीसवर आणलात आणि तेवढ्यात समोरचा हिरो झाडीतून येऊन टपली मारून गेला की सगळं त्याचं. आयत्या बिळावर नागोबा. ऑर्कचा हिरो ब्लेडमास्टर तर ह्या धंद्यात कुप्रसिद्ध, अदृश्य होऊन बाजूला उभा राहणार, क्रीप पडला की आयटम उचलून पळणार. आणि ह्याच्याच उलट बाजू म्हणजे डिनाय, आपलं मरायला टेकलेलं युनिट आपणच मारून टाकायचं म्हणजे समोरच्याला एक्सपी नको. अनडेडकडे तर हे सगळं रेसमधेच भरलंय, त्यांचा हिरो डेथ नाइट डेथ पॅक्टने स्वतःचंच युनिट खाऊन जीव भरून घेतो, दुसरा हिरो लिच डार्क रिच्युअलने खाऊन माना. मरणारा घूल लिचने खाल्ला तर समोरच्याच्या हातातोंडाशी आलेले ४० एक्सपी गेले आणि वरून आपला माना भरला. निर्दयी आहे पण काय सुंदर आहे! हे लास्ट हिट आणि डिनायचं वेड पुढे डोटामधे गेलं, जो मुळात ह्याच गेमचा कस्टम मॅप होता, आणि आपल्याकडे बहुतेक पोरांना वॉरक्राफ्ट ३ माहितीये तो सायबर कॅफेत डोटा चालवायचं सॉफ्टवेअर म्हणून. खालचा मूळ गेम किती जणांनी खेळला देव जाणे.

म्हणून सगळ्यात मोठं शस्त्र कुठलं म्हणाल तर माझ्या मते टाऊन पोर्टल. पहिल्या हिरोसोबत एक स्क्रोल फुकट येतो, नंतर दुकानात ३५० सोनं. वापरला की हिरो आणि आजूबाजूची फौज थेट घरी. ३५० म्हणजे अडीच फूटमन, महाग वाटतं, पण त्याने आठ-दहा युनिट्स वाचली तर त्यांची किंमत वाचली आणि समोरच्याचे तीन-चारशे एक्सपी बुडाले. कबड्डीत चढाईला गेलेला गडी चार जणांना शिवला तरी रेषेच्या अलीकडे जिवंत परत आला तरच गुण, इथे अगदी तसंच आहे. समोरच्याचे तीन मारले, आपलं एक पण न गमावता पोर्टल मारून घरी आलो, ही शंभर टक्के जिंकलेली लढाई. मैदान त्याच्या ताब्यात राहिलं तर राहू दे, मैदान घेऊन काय लोणचं घालायचंय.

आता परत त्या स्कोअरच्या तक्त्याकडे जाऊ, कारण आता तो वाचता येईल. त्याला आतमधे टॅब आहेत. युनिट्सच्या टॅबमधे किती युनिट्स काढली, किती मारली, किती इमारती बांधल्या, किती पाडल्या, सगळ्यात मोठी फौज केवढी होती. हिरोंच्या टॅबमधे किती हिरो मारले, किती आयटम मिळाले, किती भाडोत्री सैनिक घेतले, एक्सपी किती मिळाला. रिसोर्समधे सोनं, लाकूड, देवाणघेवाण, टेक (अपग्रेड वगैरेंची प्रगती) किती टक्के झाली आणि अपकीपमधे किती सोनं बुडालं.

बघा ह्यात काय नाहीये. आपली किती युनिट्स मेली हा रकानाच नाही! किती वाचवली हा तर नाहीच नाही. ज्याची युनिट्स धडाधड मरतात आणि जो धडाधड परत काढतो त्याचा 'किती युनिट्स काढली' चा आकडा फुगतो. ज्याने आठ फूटमन पूर्ण मॅच जपून वापरले त्याचा आकडा आठ, ज्याने चाळीस मारून घेतले त्याचा चाळीस, आणि तक्त्याच्या दृष्टीने चाळीसवाला कर्तबगार. इमारतींचं पण तेच. जो घाबरून घरात टॉवरवर टॉवर बांधतो त्याचा आकडा मोठा. सोन्याचं पण तेच, मॅच जितकी लांबेल तितकं सोनं जास्त, खाणीत साधारण १२,५०० असतं, दुसरी खाण घेतली की अजून, त्यामुळे घरात बसून शेती करणारा माणूस स्कोअरमधे नेहमी वर दिसतो. आणि चौथ्या मिनिटाला मिलिशिया, म्हणजे हत्यार घेतलेले कामगार, आणि टॉवर घेऊन समोरच्याच्या दारात जाऊन मॅच संपवणाऱ्या ह्यूमनचा स्कोअर सगळ्यात केविलवाणा दिसणार, कारण त्याने मोजायला काही ठेवलंच नाही.

त्यातल्या त्यात एक रकाना प्रामाणिक आहे, अपकीपमधे गेलेलं सोनं. अपकीप म्हणजे फौज मोठी ठेवल्याचा दंड. प्रत्येक युनिट ठरावीक फूड खातं, त्या हिशोबात ५० फूडपर्यंत काही नाही, कामगार दर फेरीला १० सोनं आणतो ते १० मिळतं. ५१ ते ८० मधे १० चे ७ होतात. ८१ ते १०० मधे १० चे ४. म्हणजे शंभर फूडची फौज नुसती घरात उभी ठेवलीत तर कमाईतले ६० टक्के हवेत. आता ह्यात पण खाचाखोचा आहेत, कामगार फूडमधेच धरतात आणि एकेक हिरो ५ फूड खातो, त्यामुळे तीन हिरो आणि दहाबारा कामगार झाले की ५० मधे खऱ्या फौजेला वीस-पंचवीसच उरतात. म्हणून मोठे खेळाडू ५० वर थांबून लढतात, लढाईत चार मेले की भरतात, परत ५०. आणि ८० च्या वर गेले तर ते लगेच लढायला, बसायला नाही. 'सगळ्यात मोठी फौज' ह्या रकान्यात ९८ आणि अपकीपच्या रकान्यात हजारोंचा आकडा असेल तर समजायचं की ह्या माणसाने फौज जमवली आणि तिच्याकडे बघत बसला. हॉस्टेलवरचा आमचा टोटलसम्राट अगदी हाच. त्याची ९० ची फौज निघायची, आम्ही ५० वाले दोनदा पोर्टल मारून परत यायचो, आणि तिसऱ्यांदा आमचा हिरो डेमन हंटर लेव्हल ६ चा असायचा.

हिरोंच्या टॅबमधला एक्सपीचा आकडा पण बऱ्यापैकी खरं बोलतो, फक्त तो एकटा वाचायचा नाही, समोरच्याच्या आकड्याशेजारी ठेवून वाचायचा. दोघांमधला फरक किती आणि तो लढाईतून आला की क्रीपांमधून, हे रिप्ले, म्हणजे मॅचचं रेकॉर्डिंग, उघडून बघितलं की लगेच कळतं. रिप्ले तर बघाच. पाचव्या-सहाव्या मिनिटाला जी पहिली टक्कर होते तिथे थांबवायचं आणि दोन्ही हिरोंची लेव्हल बघायची. बऱ्याच मॅच तिथेच संपलेल्या असतात, पुढचा अर्धा तास नुसता औपचारिकपणा.

ज्यांचे खेळ बघून आम्ही शिकलो ते लोक म्हणजे नेदरलँड्सचा ग्रबी, म्हणजे मान्युएल स्खेंकहाउझेन, ऑर्क खेळायचा, २००४ आणि २००८ चा वर्ल्ड सायबर गेम्स विजेता. मधे २००५ आणि २००६ ला चीनचा स्काय, ली शियाओफंग, ह्यूमनवाला. आणि कोरियाचा मून, जांग जे-हो, नाइट एल्फ असं काही खेळायचा की लोक त्याला पाचवी रेस म्हणायचे. ह्यांच्या मॅच बघताना माझ्या डोळ्यात भरतं ते मारणं नाही, सोडून देणं. समोरचा हिरो ८० जिवावर पळतोय, आपण असतो तर आख्खी फौज घेऊन त्याच्या बेसपर्यंत मागे धावलो असतो आणि टॉवरखाली चार ग्रंट घालवले असते, आणि ग्रबी शांतपणे वळतो, बाजूचा क्रीप कॅम्प मारतो, आयटम घेतो, घरी जातो. चार ग्रंट म्हणजे ८०० सोनं आणि २४० एक्सपी, त्याने ते दिलेच नाहीत.

लॅडरवर, म्हणजे ऑनलाइन क्रमवारीच्या मॅचमधे, तर हा सगळा प्रश्नच निकालात निघतो. २०२० च्या जानेवारीत रीफोर्ज्ड आला तेव्हा त्यात लॅडरच नव्हतं, लोकांनी किती शिव्या घातल्या सांगता सोय नाही, मग खेळाडूंनीच चालवलेल्या डब्ल्यूथ्री चॅम्पियन्सवर मंडळी गेली. तिथे तुमचा एमएमआर, म्हणजे रँकिंगचा आकडा, फक्त दोन गोष्टी बघतो, जिंकलात का हरलात आणि समोरचा किती तगडा होता. युनिट किती मारली, सोनं किती खणलं, कोणी विचारत नाही.

कोणाला आता नव्याने सुरू करायचं असेल तर माझं ऐका, ऑर्कपासून करा. ग्रंटला ७०० जीव आहे, फूटमनच्या दीडपटीहून जास्त, किंमत २०० आणि ३ फूड, त्यामुळे जखमी युनिट बघून मागे ओढायला हात बसेपर्यंत तो टिकतो. आधी फक्त एवढंच करा, बाकी बिल्ड ऑर्डर (कुठली इमारत कधी), टेक, दुसरा हिरो सगळं नंतर. लाल पट्टी दिसली की त्याच्यावर क्लिक आणि मागे. मॅच हरली तरी चालेल.